नोकरी सुटल्यावरचा भत्ता : कुरकुंभच्या कामगाराने आणि ठेकेदाराने काय पाहावे

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने एक पाळी बंद केली किंवा ठेकेदाराची माणसे गेटावरूनच परत पाठवली, की पहिला फटका कामगाराच्या घरी बसतो आणि दुसरा महिनाभरात दुकानदाराच्या वहीत उमटतो. किराण्याची उधारी वाढते, खोलीचे भाडे थकते, शिंप्याकडे शिवायला टाकलेले कपडे तसेच पडून राहतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या भागात आपल्या समाजातील बरीच कुटुंबे दोन्ही बाजूंना आहेत. घरातला एक मुलगा कंपनीत ठेक्यावर, तर दुसरा चौकात गॅरेज किंवा फॅब्रिकेशनचा गाळा चालवणारा. म्हणून हा विषय फक्त कामगारांचा समजून व्यापारी वाचकांनी पान उलटू नये. लेखाचा शेवटचा भाग तर खास त्यांच्यासाठीच आहे.

आमच्याकडे नेहमी येणारा प्रश्न असा : नोकरी गेली तर सरकार काही देते का? देते. पण सर्वांना नाही, मागितल्याशिवाय नाही, आणि मागणाऱ्याचे कागद दोन वर्षे आधीपासून नीट असल्याशिवाय तर मुळीच नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. रोजगार व स्वयंरोजगार केंद्रात नाव नोंदवले म्हणजे घरबसल्या दरमहा भत्ता सुरू होतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ती नोंदणी नोकरी शोधण्यासाठी आहे. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये महिना असे विद्यावेतन ठरले, पण ते प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याबद्दल. बेकारीबद्दल नव्हे. भत्ता मिळवून देतो असे सांगून फॉर्मचे शंभर-दोनशे रुपये घेणारी माणसे या गैरसमजावरच पोट भरतात.

कारखान्यातल्या कामगाराला बेकारीत खरी रोकड मिळू शकते ती ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून. १९४८ च्या कायद्याने ही विमा योजना आली तेव्हा तिच्यात आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांची सोय होती. बेकारीची सोय नव्हती. ती प्रथम १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने आली आणि १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेने तिला जोड दिली. दोन्हींची नावे लांबलचक असल्याने पहिलीला आपण 'राजीव योजना' आणि दुसरीला 'अटल योजना' म्हणू.

दोन्हींतला फरक कळला नाही तर मोठे नुकसान होते. राजीव योजना ही कारखाना बंद पडणे, कायद्याने कपात होणे किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, अशा तीनच कारणांसाठी आहे. किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असावी लागते. तिच्यात पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता असतो. शिवाय त्या काळात कुटुंबासह दवाखान्याची सोय चालू राहते. अटल योजनेत कारणाची अट सैल आहे, ठेका संपला म्हणून घरी बसलेलाही बसतो, पण पैसे मिळतात ते फार तर ९० दिवसांचे, आणि तेही आयुष्यात एकदाच. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. ज्याची कंपनी खरोखर बंद पडली आहे त्याने सोपी म्हणून अटल योजनेचा अर्ज भरण्याआधी राजीव योजनेत आपण बसतो का, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे. दोन वर्षांच्या भत्त्याचा हक्क असताना तीन महिन्यांवर समाधान मानण्यात काय शहाणपण?

तथापि कुरकुंभ काय किंवा शिरूर तालुक्यातले रांजणगाव काय, बहुसंख्य ठेका कामगारांच्या वाट्याला अटल योजनाच येते, म्हणून तिचा हिशेब जरा सविस्तर पाहू.

सुरुवातीला ही योजना पगाराच्या २५ टक्केच देत असे. अर्ज नोकरी गेल्यावर ९० दिवसांनी आणि शेवटच्या मालकामार्फत करायचा होता. ज्या मालकाने काढून टाकले त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात जायचे, असा तो प्रकार होता. २०२० च्या टाळेबंदीत लाखो माणसे घरी बसली तेव्हा नियम बदलले. २४ मार्च २०२० पासूनच्या बेकारीसाठी भत्ता ५० टक्के झाला, मुदत ३० दिवसांवर आली, आणि अर्ज थेट शाखा कार्यालयाकडे करण्याची मुभा मिळाली. स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अटही त्याच वर्षी गेली. योजना मुळात तात्पुरती असून तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून, जुने नियम व योजना तिच्याशी विसंगत नसतील तितपत काही काळ चालू ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे. त्यामुळे आपली नोकरी सुटली त्या तारखेला योजना चालू होती का आणि कोणत्या दराने, हा प्रश्न अर्जदाराने खिडकीवर सर्वांत आधी विचारावा.

आता अटी. कामगार किमान दोन वर्षे विमाधारक नोकरीत असावा. ईएसआयचे वर्ष दोन तुकड्यांत मोजतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी सुटण्याच्या लगतच्या आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी कोणत्याही एकीत पुन्हा किमान ७८ दिवसांची. उदाहरणार्थ, डिसेंबरमध्ये काम सुटले तर लगतची सहामाही एप्रिल ते सप्टेंबरची धरायची.

रक्कम काढताना मागच्या चार सहामाह्यांत मिळालेला एकूण पगार घेतात, त्याला ७३० ने भागतात आणि त्याचा निम्मा भाग रोजचा भत्ता धरतात. भागाकार कामाच्या दिवसांनी होत नाही, दोन वर्षांच्या पूर्ण दिवसांनी होतो, हे नीट लक्षात घ्यावे. समजा एखाद्या कामगाराला रोज ६०० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे १५,६०० रुपये महिना मिळतात आणि दोन वर्षांत खंड नाही. एकूण पगार ३,७४,४०० रुपये. ७३० ने भागून सुमारे ५१३ रुपये, निम्मे सुमारे २५६. नव्वद दिवसांचे २३ हजारांच्या थोडे वर. हाच माणूस दोन वर्षांत मिळून चौदाच महिने कामावर असेल, तर हिशेब साडेतेरा हजारांच्या आसपास येतो. कामगार म्हणतो, माझे पैसे कापले. प्रत्यक्षात कोणी कापलेले नसतात, मधले दहा महिने भागाकारात बसलेले असतात.

ज्याचा पगार महिना २१ हजारांच्या वर गेला तो या विम्यातून बाहेर पडतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ ची आहे. पगारवाढ मिळून चालू सहामाही संपली की त्याची वर्गणी थांबते, आणि पुढे नोकरी गेली तर बेकारीचा हक्कही राहत नाही. प्लांटमधल्या जुन्या ऑपरेटरला हे सहसा कोणी सांगत नाही.

कोणाला भत्ता नाकारला जातो, हे पाहिले की खरी अडचण कुठे आहे ते कळते. शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेला, बेकायदा ठरलेल्या संपात असलेला, टाळेबंदीमुळे, म्हणजे मालकाने कारखान्याला टाळे लावल्यामुळे, घरी बसलेला, निवृत्तीचे वय झालेला, आणि स्वतःहून नोकरी सोडणारा. यातला शेवटचा शब्द घातक आहे. आपल्याकडे माणूस कमी करताना 'हिशोब घेऊन जा' म्हणतात, आणि हिशोबाच्या कागदांत एक कागद राजीनाम्याचा असतो. कामगार पगार अडकू नये म्हणून सही करतो. त्या क्षणी कागदोपत्री तो स्वतःहून नोकरी सोडणारा होतो. बेकारीचा भत्ता तर जातोच, पण एक वर्ष सलग सेवा झालेल्याला कपातीबद्दल दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी जी नुकसानभरपाई मिळायला हवी, तिच्यावरचा दावाही कमजोर होतो. आमचा सल्ला असा की, हिशोबाच्या पैशांची पावती द्यावी, राजीनामा देऊ नये. दबाव असेल तर 'काम नसल्यामुळे कमी केले' एवढे शब्द तरी कागदावर आणावेत आणि त्याची प्रत घ्यावी. कोऱ्या कागदावर सही तर कोणत्याही परिस्थितीत नको.

दुसरी अडचण विमा क्रमांकाची. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार नवा क्रमांक काढतो आणि कामगार दोन-तीन क्रमांकांचा मालक होतो. वर्गणी तीन ठिकाणी विखुरते, दोन वर्षे कुठेच भरत नाहीत. क्रमांक एकदा मिळाला की तो जन्माचा असतो. नव्या कामावर पहिल्या दिवशी जुनाच क्रमांक द्यावा. आधीच दोन झाले असतील तर नोकरी चालू असतानाच शाखा कार्यालयात अर्ज देऊन ते दुरुस्त करून घ्यावेत.

तिसरी अडचण नावाची, आणि ती आपल्या समाजात इतरांपेक्षा जास्त आहे. आधारकार्डावर 'शेख रफिक बाबू', बँकेत 'रफिक बाबू शेख', ईएसआयत 'रफीक शेख'. कुठे मोहम्मद, कुठे महंमद, कुठे नुसते 'मो.'. बायकांच्या नावापुढे एका कागदावर 'बी' तर दुसऱ्यावर 'बेगम'. इंग्रजी स्पेलिंगचे तर विचारूच नका. भत्ता थेट बँक खात्यात जमा होतो, आणि त्यासाठी आधार, खाते व विमा नोंद यांचा मेळ बसावा लागतो. मेळ बसला नाही की अर्ज अडकतो. नावाची दुरुस्ती मालकाच्या पत्राने सोपी होते, म्हणून तीही नोकरीत असतानाच करावी. नोकरी गेल्यावर मालक फोनसुद्धा उचलत नाही.

अर्ज स्वतः करणे फार कठीण नाही. ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने खाते उघडून दावा भरायचा, आधार आणि पासबुकाची प्रत जोडायची. नोकरी सुटल्यावर ३० दिवस उलटून गेले की दावा करता येतो आणि एक वर्षाच्या आत तो करावाच लागतो. येणाऱ्या दिवसांचा भत्ता आगाऊ मागता येत नाही, बेकारीत गेलेल्या दिवसांचाच मागता येतो. मध्येच दुसरे काम लागले तर त्या तारखेपासून भत्ता बंद. खोटे सांगून घेतल्यास शिक्षा होते आणि पुढचे हक्कही जातात. कागद पोर्टलवर चढवता आले नाहीत तर आपल्या शाखा कार्यालयात द्यावेत आणि तारखेची पोच घ्यावी. पुणे जिल्ह्याचे मोठे कार्यालय बिबवेवाडीला आहे. कुरकुंभहून तिथे जायचे म्हणजे पाऊणशे किलोमीटर आणि एक दिवस मोडला. बेकार माणसाला बसभाडेही जड जाते, तेव्हा आधी आपले शाखा कार्यालय कोणते हे पाहून घ्यावे आणि सर्व कागद एकदम न्यावेत.

पोचेचे महत्त्व ग्रामीण वाचकांना वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर भत्ता, हे तत्त्व त्यात होते. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि नंतर किमान निम्मा असा दरही लिहिला गेला. दुष्काळी गावांतली किती माणसे काम मागायला गेली आणि कामाविना परतली! पण मागणी तोंडी केली, तारखेची पावती घेतली नाही, म्हणून पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध झाले नाही.

आणखी एक गोष्ट. नोकरी गेली म्हणून ईएसआयचे कार्ड कपाटात टाकू नये. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचा लाभ आणि उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चचे भरले असतील तर जुलै ते डिसेंबरमध्ये. काम नसलेल्या घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन आले, तर ही सोय भत्त्याच्या रकमेहून मोठी ठरते.

लहान ठेकेदारांनी हे वाचावे

वसाहतीत रंगकाम, वेल्डिंग, माल चढवणे-उतरवणे, कॅन्टीन, साफसफाई अशी कामे घेणारे लहान ठेकेदार आमच्या वाचकांत आहेत. कामगाराचा दावा मंजूर होणार की नाही, याचा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच हातून झालेला असतो, तोही नोकरी जाण्याच्या कितीतरी आधी.

वर्गणी पगाराच्या ४ टक्के आहे. मालकाची सव्वातीन टक्के, कामगाराची पाऊण टक्का. हा दर १ जुलै २०१९ पासूनचा. काही ठेकेदार खर्च वाचवण्यासाठी माणूस २६ दिवस राबला तरी विवरणात १२ दिवस दाखवतात. वरच्याच उदाहरणात ६०० रुपये रोजाचे १४ दिवस लपवले की ८,४०० रुपयांवरचे सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला २७३ रुपये वाचतात. सहा महिन्यांचे १,६३८. आणि कामगाराचे काय होते? बारा दिवस गुणिले सहा महिने म्हणजे ७२ दिवस. अठ्ठ्याहत्तरला सहा कमी. भत्ता साफ नामंजूर. सोळाशे रुपयांसाठी एका कुटुंबाचे तेवीस हजार बुडाले, आणि ते कोणी बुडवले हे त्या कुटुंबाला कधी कळतही नाही.

पगारातून पाऊण टक्का कापायचा आणि भरायचाच नाही, हा प्रकार त्याहून वाईट. कामगाराचा कापलेला पैसा मालकाच्या हाती अमानत आहे. जुन्या दंड संहितेच्या ४०५ कलमाच्या स्पष्टीकरणात तो न भरणाऱ्याला अमानतीत खयानत करणारा मानले होते आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही ते कायम ठेवले आहे. हे केवळ दंडाचे प्रकरण नाही, फौजदारी आहे. ठेकेदाराने भरले नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. कंपनी ते ठेकेदाराच्या बिलातून कापते आणि बहुधा पुढचे काम दुसऱ्याला देते, हा धंद्याच्या दृष्टीने तोटा वेगळाच.

कामगाराने हे तपासायचे कसे? उमंग ॲपवर ईएसआयची 'चिंता से मुक्ति' नावाची सेवा आहे, तिच्यात आपल्या नावावर भरलेली वर्गणी दिसते. घरातल्या शाळकरी मुलालाही ती दाखवता येईल. महिन्यातून एकदा दिवस मोजावेत, पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहावेत, आणि फरक असेल तर चिठ्ठ्या जपून ठेवून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. महामंडळाच्या कार्यालयांत तक्रारी ऐकण्यासाठी दरमहा 'सुविधा समागम' भरतो. तिथेही न मिटल्यास कर्मचारी विमा न्यायालय आहे. हजेरीकार्ड, गेटपास, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी हे सर्व पुरावेच आहेत, ते रद्दीत देऊ नयेत.

ज्या वाचकांच्या स्वतःच्या गाळ्यावर चार-पाच माणसे आहेत, त्यांना हा विमा सहसा लागू होत नाही. कारखान्याला तो दहा माणसांपासून लागतो. लोहार, सुतार, शिंपी, मोटार मेकॅनिक अशा स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिराला काम नसलेल्या दिवसांचा भत्ता देणारी योजना नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ई-श्रमची नोंदणी २०२१ पासून आणि पीएम विश्वकर्मा योजना २०२३ पासून आली, पण पहिली नोंदणी आहे आणि दुसरी प्रशिक्षण, अवजारे व कर्ज यांसाठी. दहावा माणूस कामावर आला की मात्र नोंदणी करून घ्यावी. नोंदणी टाळण्यासाठी दहाव्याला वहीबाहेर ठेवणे म्हणजे अपघात झाला तर त्याचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी ठेवणे.

मागच्या महिन्याची वर्गणी चालू महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. विवरण भरताना ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारणाचा क्रमांक टाकावा लागतो. त्या यादीत २ म्हणजे 'सेवा सोडली', १० म्हणजे 'कपात', ११ म्हणजे 'काम नाही'. विवरण भरणारा मुलगा घाईत सगळ्यांपुढे २ टाकून मोकळा होतो. तुम्ही माणूस स्वतः कमी केला असेल, किंवा कंपनीने काम थांबवले म्हणून त्याला घरी पाठवले असेल, तर त्याच्यापुढे दोनाचा आकडा घालू देऊ नका. विवरण पाठवण्याआधी दहा मिनिटे शेजारी बसून एकेका नावापुढचे कारण स्वतः वाचून घ्या.